कुणासंगं आलाव, बाई?



हे संपादकीय खरे तर मागच्या अंकात यायला हवे होते. तेव्हा लिहायला बसले आणि तीनदा फाडून टाकले. सांगायची गोष्ट इतकी साधी, की यात छापण्यासारखे काय आहे असे माझे मलाच वाटत राहिले. गोष्ट एवढीच, की २७ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२५ असे दहा दिवस मी उजनी धरणाच्या काठाकाठाने एकटी चालले. करमाळा तालुक्यातल्या कोंढार चिंचोलीपासून निघाले आणि माढा तालुक्यात भीमानगरला, धरणाच्या भिंतीपाशी पोचले. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही. पण या पाण्याला असंख्य फाटे आहेत. ओढ्याओढ्यातून ते आत शिरले आहे, त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाला जायला कधी कधी अख्खी सकाळ मोडते. माझ्या हिशेबाने दीडशे किलोमीटरच्या आसपास चाल झाली. माझे वय त्रेपन्न. डावा गुडघा सहा वर्षांपासून कुरकुरतो. पाळी जाऊन तीन वर्षे झाली.

दहा दिवस सलग स्वतःसाठी मिळावेत, हे मी तिशीत ठरवले होते. मग मुले लहान होती, मग त्यांची दहावी-बारावी आली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचे सात वर्षे सगळे केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर कितीतरी महिने मी पहाटे पाचला उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहत असे. अंगाला वळण लागलेले असते. एके दिवशी तशीच उठले, चपला घातल्या आणि कॉलनीबाहेरच्या कॅनॉलपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या थोडे पुढे. तयारी म्हणावी तर ती एवढीच.

गटाच्या बैठकीत मी हा विचार सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, “कुठला प्रश्न घेऊन चालणार?” दुसरीने विचारले, “बॅनर कोण लिहिणार?” आपल्याला यात्रा काढायची सवय आहे. १९८५ ची स्त्रीमुक्ती यात्रा आपल्यातल्या काहीजणींना अजून कालच्यासारखी आठवते. गाडी, पोस्टर प्रदर्शन, गाणी, ‘मुलगी झाली हो’चे प्रयोग, गावोगावच्या बायांनी केलेली पिठले-भाकरी. त्या यात्रांनी आपल्याला घडवले, हे मी कधी नाकारणार नाही. पण कुठलाही विषय न घेता, एकटीने, नुसते चालायचे म्हटल्यावर बैठकीत जी शांतता पसरली ती मला नवी होती. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, “मग ही तुझी हौस झाली, कार्यक्रम नव्हे.” ती बरोबर होती. हौसच होती. पण तो शब्द तिने ज्या सुरात उच्चारला तो सूर मी माहेरी ऐकला होता, सासरी ऐकला होता. इथे ऐकायची तयारी नव्हती.

घरी नवऱ्याने विचारले, “माझे काही चुकले का?” भला माणूस आहे, मनापासून विचारत होता. बाई एकटी बाहेर पडली म्हणजे कुणाचे तरी काहीतरी चुकलेले असणारच, हा हिशेब भल्या माणसांच्या डोक्यातही असतो.

जिंती रोड स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. खांद्यावर एक पिशवी. तिच्यात दोन सलवार-कमीज, शाल, औषधे, शेंगदाण्याचे लाडू, टॉर्च. कोंढार चिंचोलीला डिकसळचा जुना पूल आहे. पूर्वी त्याच्यावरून रेल्वे जायची. धरण झाले, रेल्वेची लाइन हलली आणि पूल गाड्या-माणसांना आला. त्याच्या तोंडाशी उभी राहून मी पाण्याकडे पाहत होते, तेवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या एका बाईने विचारले, “कुणासंगं आलाव, बाई?”

मी सांगितले, “सर्व्हे करायला आलेय.”

पहिलाच प्रश्न आणि पहिलेच उत्तर खोटे. पुढचे चार दिवस मी हेच सांगत होते. त्याच्यावर सगळ्यांचे समाधान व्हायचे. सर्व्हे म्हणजे सरकारी काम, काम म्हणजे बाई ठीक आहे. कुणी घरकुलाची यादी विचारायचे, कुणी विम्याचे पैसे. एका म्हातारबाबांनी जमिनीच्या मोबदल्याचा कागद आणून दाखवला, तेव्हा मात्र मला फार वाईट वाटले. खोट्याची किंमत कुणीतरी दुसराच देत असतो.

जे सर्व्हे मानत नव्हते ते म्हणायचे, “वारीला निघालाव का?” तेही स्वाभाविक होते. माघी एकादशी आठ फेब्रुवारीला होती आणि माणसे पंढरपूरच्या वाटेला लागलेली होती. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आषाढीला याच करमाळा तालुक्यातून, जेऊर-कंदरवरून जाते. म्हणजे चालणारी बाई या भागाला नवी नाही. पंधरा-वीस दिवस घर सोडून, रस्त्यावर झोपून, उघड्यावर अंघोळ करून बाया शेकडो किलोमीटर चालतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही, कारण त्या विठ्ठलाकडे चाललेल्या असतात. इरावतीबाई कर्वे चाळिशीच्या आसपास पालखीबरोबर चालल्या. ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या पुस्तकात त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख आहे. त्यांना त्या वाटेवर आनंदही सापडला आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बाया वेगवेगळ्या पंक्तीला जेवतात हेही दिसले. पुष्कळ बायांसाठी वारी हेच एकमेव मोकळे चालणे आहे, हे आपण चळवळीतल्या बाया फारसे बोलत नाही. देवाचा विषय आला की आपण जरा आखडतो.

पण वारी असो, सर्व्हे असो, बाजार असो की दवाखाना, बाईला रस्त्यावर असण्याचे कारण लागते. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात हेच मांडले. बाई सार्वजनिक जागी वावरते तेव्हा काही कामानिमित्त आले आहे हे तिला सतत दाखवत राहावे लागते. हातात पिशवी, कानाला फोन, पावलात घाई. त्यांनी मुंबईबद्दल लिहिले. मला ते केत्तूरच्या रस्त्यावर आठवले. तिथे पुरुष पारावर, चहाच्या टपरीवर, पुलाच्या कठड्यावर नुसते बसलेले होते, आणि पूर्ण गावात एकही बाई नुसती बसलेली नव्हती. ज्या बसल्या होत्या त्यांच्या पुढ्यात काहीतरी निवडायला होते.

आता या पाण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण बाहेरच्या मैत्रिणींना उजनी म्हणजे वर्तमानपत्रातली टक्केवारी एवढेच माहीत असते. भीमा नदीवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात बातमी येते की उजनी उणे इतके टक्के. म्हणजे उपयुक्त पाणी संपून तळातले वापरणे चालू झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या जवळ गेला होता आणि पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती, देवळे, वाड्यांची जोती उघडी पडली होती. इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ अशा वेळी वर येते आणि शहरातून माणसे मोटारी घेऊन ते पाहायला जातात. मी गेले तेव्हा आदल्या पावसाळ्यात धरण भरलेले होते. पाणी शेताच्या बांधाला लागलेले. ऊस, केळी, पुन्हा ऊस. रोहित पक्षी फारसे दिसले नाहीत. त्यांना उथळ चिखल लागतो. चिलापीची जाळी मात्र जागोजाग वाळत घातलेली होती.

गावांना नंबर आहेत. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. वांगी एक, दोन, तीन. जुने गाव बुडाले, माणसे वर सरकली, आणि गावाचे नाव तुकड्यातुकड्यांनी नंबर लावून वाटून घेतले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते. मग एका बाईने सांगितले, “माझी जाऊ दोन नंबरात ऱ्हाती, नणंद तीन नंबरात. आदी एका आळीत हुतो.”

केत्तूरहून वाशिंब्याच्या बाजूला जाताना, तिसऱ्या दिवशी दुपारी, मोटारसायकलवरची दोन पोरे मागे लागली. पुढे जायची, थांबायची, मी ओलांडून गेले की पुन्हा यायची. “कुठं चाललाव मॅडम, सोडू का?” वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. मला भीती वाटली. इथे ते लपवण्यात अर्थ नाही. मी फोन काढला, बंद फोन कानाला लावला आणि मोठ्याने म्हणाले, “अहो, कुठवर आलात? मी इथे वळणावरच आहे.” पोरे निघून गेली.

तीस वर्षे मी शिबिरांत मुलींना सांगत आलेय, की नवऱ्याच्या, भावाच्या नावाचा आडोसा घेऊ नका. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तोंडातून सगळ्यात आधी ‘अहो’ निघाले. त्या रात्री मी ज्या घरी मुक्कामाला होते तिथे जेवले नाही. पोट बिघडले म्हणून सांगितले.

कुगावला पोचेपर्यंत हे मनात साचून राहिले होते. तिथे बचत गटातल्या एका बाईच्या घरी उतरले. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, कपाळाला ठसठशीत टिकली, हातात हिरव्या बांगड्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता. मला वाटले, त्याचे वारे इथवर आले असावे. तिने हेरवाडचे नावही ऐकलेले नव्हते. म्हणाली, “मला बाजाराला, बँकेत एकलीलाच जावं लागतं. टिकली आसली की गाडीवाला नीट बोलतो. कुणी इचारलं तर मी सांगती, मालक मागनं येत्यात.” मी तिला माझी फोनची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. “तुमचं तर हायती तरी. माझं नसून मागनं येत्यात की.”

त्या हसण्याने माझा अर्धा भार उतरला. अर्धाच. कारण हसून झाल्यावर ती म्हणाली, “पर ताई, कवर यायचं त्येंनी मागनं?”

कुगावच्या काठावरून पलीकडे कळाशी दिसते. बोटीने थोड्या वेळाचे अंतर. रस्त्याने वळसा घेऊन जायचे तर दिवस मोडतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. सहा बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. एक जण पोहून काठाला लागला. त्यानंतर शिरसोडी-कुगाव पुलाचे काम पुढे सरकले. धरण १९८० चे. एवढी वर्षे दोन्ही काठांवरची माणसे, लेकुरवाळ्या बायांसकट, जीवरक्षक जाकीट न घालता ये-जा करत होती, कारण सोयरिकी त्या काठाला होत्या. नदी होती तेव्हा तो एकच मुलूख होता.

त्याच गावात एक आजी भेटल्या. ऐंशीच्या आसपास वय. त्यांचे माहेर पलीकडचे, जुने पळसदेव. त्या सांगत होत्या, की उन्हाळ्यात भीमा उतरली की नदीतून चालत माहेरी जायचे; सकाळी निघाले की न्याहारीला आईकडे. लग्न तेराव्या वर्षी झाले. सासू उपाशी ठेवायची. एका रात्री, चौदा वर्षांची असताना, त्या एकट्या उठल्या आणि चांदण्यात नदी ओलांडून माहेरी गेल्या. पाणी मांड्यांपर्यंत होते. “भ्या वाटलं न्हाय का?” म्हणून मी विचारले. “घरात वाटायचं. नदीत न्हाय वाटलं.” पहाटे वडिलांनी भाकरी खाऊ घातली आणि उजाडायच्या आत त्यांना परत आणून सोडले. “त्यानंतर एकलीनं कुटं गेले न्हाय. आज पातूर.”

मग धरण झाले. सासरचे जुने गाव बुडाले, तसे माहेरचेही. बुडालेल्या गावाबद्दल पुरुष बोलतात तेव्हा जमिनीबद्दल, मोबदल्याबद्दल बोलतात. ते बोलायलाच हवे. इथल्या कित्येकांचे कागद दोन दोन पिढ्या फिरताहेत. पण बाईचे एक गाव नसते, दोन असतात, आणि दोन्हींवर तिचे नाव नसते. पुनर्वसनाची जमीन खातेदाराला मिळाली. खातेदार सासरे, नवरा, दीर. नर्मदेच्या पाणीतंट्याच्या लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला तेव्हा विस्थापितांच्या घरातला सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब धरले, सज्ञान मुलगी नाही. त्या काळचा विचारच तसा होता. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्यातून आधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. कायदा चांगला झाला, त्यासाठी आपण सगळ्यांनीच चपला झिजवल्या.

आजींनी हक्कसोडपत्रावर अंगठा दिलेला होता. भावाने एक लुगडे घेतले. मी शिबिरातल्या सवयीने कायदा सांगायला लागले. त्यांनी मला बोलू दिले आणि मग म्हणाल्या, “बाई, गाव पाण्यात गेलं, घर पाण्यात गेलं, चिंच बी पाण्यात गेली. भाऊ तेवढा ऱ्हायला व्हता वर. त्यो बी घालवू का?”

याचे उत्तर मी गेली पाच महिने शोधते आहे. हक्कसोडपत्र करू नका, हे आपण सांगतो ते बरोबरच आहे आणि पुढेही सांगू. पण माहेर ही जागा उरलेलीच नसेल आणि भाऊ हेच माहेर असेल, तर ती सही म्हणजे नुसते अज्ञान नसते. तिला तिचा हिशेब माहीत असतो. आपल्या पोस्टरवर त्या हिशेबाला जागा नाही.

कुगावहून निघाले त्या दिवसापासून मी सर्व्हेचे खोटे बोलायचे सोडले. कुणी विचारले की सांगायची, “चालायला आलेय.” हे उत्तर कुणाला पटायचे नाही. वांगीला एका मास्तरांनी तीन वेळा विचारले, आणि शेवटी स्वतःच ठरवले की मला डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितले असणार. एका पोरीने, नववीतली असेल, सायकलवरून उतरून माझ्याबरोबर किलोमीटरभर चालत विचारले, “म्हंजी उगंच?” मी म्हटले, “उगंच.” तिने एकदा मागे वळून पाहिले, जणू कुणी ऐकले तर नाही ना, आणि म्हणाली, “भारीच की.”

पण सगळ्यात नेमका प्रश्न ऊसतोडणीच्या टोळीतल्या बाईने विचारला. वांगी आणि कंदरच्या मध्ये रस्त्याकडेला कोप्या होत्या. सकाळचे सात, थंडी, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी. टोळी बीड जिल्ह्यातली. पहाटे चारला उठलेल्या. त्यांनी मला चहा दिला, काळा. एकीने विचारले, “चालायचे कुनी पैशे देतंय का?” मी नाही म्हटले. “मंग घरी कोन हाय?” नवरा आहे म्हटले. “आन त्यो जेवतो काय?” त्याचे तो करतो म्हटल्यावर सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि त्या हसण्यात मला सामील करून घेतलेले नव्हते.

त्यांचे बरोबर होते. त्या दर वर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, पाच-सहा महिने मैलोगणती भटकतात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली तरी सुट्टी नाही, खाडा केला तर दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. माझी पाळी आपोआप गेली आणि मी मोकळी झाले म्हणून चालायला निघाले. त्यांच्यापुढे बसून हे मला सांगता आले नाही. चहाचे पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत.

मग एकटीने हौसेने चालणे ही माझ्यासारख्या पेन्शनवाल्या घरातल्या, सवर्ण, शिकलेल्या बाईचीच चैन आहे का? पुष्कळशी आहे. मला मुक्कामाला घरे मिळाली ती गटांच्या ओळखीने मिळाली, आणि माझे आडनाव ऐकून कुणी दार लावून घेतले नाही. हे विसरून मी स्वातंत्र्याच्या गप्पा मारल्या तर तुम्ही मला जाब विचारा. पण त्या कोपीतल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या एका बाईने निघताना हळूच विचारले होते, “ताई, रातच्याला येकलं झोपताना कसं वाटतं?” मी म्हटले, “पहिले दोन दिवस झोप लागली नाही. मग इतकी लागली की सकाळ कळली नाही.” ती म्हणाली, “मला येक रात मिळाली पायजे तशी.” चैन तिलाही हवी आहे. आपण तिच्या वतीने ठरवून टाकतो, की तिला फक्त पाणी, रेशन आणि मजुरी हवी.

आणखी एक लिहायलाच हवे, कारण प्रवासाच्या पुस्तकांत ते कधी येत नाही. लघवी. दहा दिवस माझे निम्मे लक्ष त्याच्यात होते. उसात जावे तर साप आणि माणूस दोन्हींची भीती, गावात जावे तर शाळेच्या संडासाला कुलूप. पहिले तीन दिवस मी पाणीच कमी प्यायले आणि चौथ्या दिवशी जळजळ सुरू झाली. धरणाच्या काठाने चालणारी बाई तहानलेली! नंतर मी गावातल्या बायांना सरळ विचारू लागले. कुणीही नाही म्हटले नाही. उलट तिथेच खऱ्या गप्पा झाल्या. आणि कुत्री. पुरुषांनी दिला त्याच्यापेक्षा जास्त त्रास मला वस्त्यांवरच्या कुत्र्यांनी दिला. हातात काठी हवी, एवढा एक व्यावहारिक सल्ला मी देऊ शकते.

अमेरिकेत एम्मा गेटवुड नावाची बाई होऊन गेली. शेतकरी घर, अकरा मुले, आणि मरणाचे मारणारा नवरा. १९४१ मध्ये घटस्फोट झाला. १९५४ मध्ये ती ॲपलाचियन ट्रेल ही डोंगरातली लांब वाट चालायला गेली, रस्ता चुकली, चष्मा फुटला, परत आली. १९५५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, घरी ‘फिरायला जाते’ एवढेच सांगून पुन्हा निघाली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट तिने १४६ दिवसांत पूर्ण केली. ती एका दमात एकटीने चालणारी ती पहिली बाई. वर्तमानपत्रांनी तिचे ‘ग्रँडमा गेटवुड’ केले, गोड आजी. पत्रकारांनी नवऱ्याबद्दल विचारले की ती सांगायची, मी विधवा आहे. नवरा तेव्हा जिवंत होता. मी हे वर्षांपूर्वी वाचले होते आणि तिचा मला थोडा रागही आला होता, की बाईने मार खाल्ल्याचे लपवले. कुगावच्या माझ्या मैत्रिणीने नसलेला नवरा मागून आणला, मी फोनवर आणला, गेटवुडबाईंनी असलेला मारून टाकला. आता राग येत नाही.

कंदरनंतर केळीच्या बागा विरळ झाल्या आणि दहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास धरणाची भिंत दिसली. मला वाटले होते की काहीतरी भरून येईल. तसे झाले नाही. गुडघा ठणकत होता, डाव्या पायाच्या करंगळीचे नख काळे पडले होते, आणि भीमानगरच्या टपरीवर भजी तळण्याचा वास येत होता. एक प्लेट भजी खाल्ली, दुसरी मागवली. बाकावर तासभर बसून राहिले. पुढ्यात निवडायला काही नव्हते, कानाला फोन नव्हता. टपरीवाल्याने दोनदा विचारले, “कुणाची वाट बघताय का?” तिसऱ्यांदा नाही विचारले. मग टेंभुर्णीला जाणारी गाडी आली, तिच्यात बसले. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने खिचडी केली होती, जरा करपलेली. त्याने विचारले, “काय काय पाहिलेस?” हा प्रश्न त्याने बरोबर विचारला.

गटात मी हे सगळे सांगितले तेव्हा हौस म्हणणारी मैत्रीण गप्प बसली होती. आठ दिवसांनी तिचा फोन आला. ती एकसष्ट वर्षांची आहे. पहाटे एकटी गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आली म्हणाली, आणि रस्त्यात भेटलेल्या दोघांना तिने दूध आणायला चाललेय असे सांगितले. आम्ही दोघी हसलो. पुढच्या अंकात आपल्याला अशी पत्रे छापायची आहेत. तुम्ही शेवटच्या एकट्या कधी आणि कुठवर चाललात, आणि कुणी विचारल्यावर काय सांगितलेत, एवढेच लिहा. खोटे सांगितले असेल तर तेही लिहा. नाव छापायचे नसेल तर छापणार नाही. वांगीला जमीन आणि वारसाहक्कावर शिबिर घ्यायचे ठरते आहे. त्यात हक्कसोडपत्रावर अंगठा दिलेल्या बायांनी आधी बोलायचे आणि आपण नंतर, असा माझा आग्रह आहे. यावर बैठकीत अजून एकमत झालेले नाही.

कुगावच्या आजींना मी शब्द दिला होता, की मे महिन्यात पाणी उतरले की त्यांना पलीकडे पळसनाथाच्या देवळापाशी नेईन. त्यांच्या घराचे जोते तिथून जवळच आहे म्हणतात. पण २०२५ चा मे सगळा पावसातच गेला. पाणी पुरते उतरायच्या आत चढायला लागले. त्यांच्या नातीच्या फोनवरून मी कळवले, की या वेळी जमणार नाही. आजी म्हणाल्या, “आसू दे. पुढल्या साली ये. पर चालत नको येऊ. यष्टीनं ये, मला कुटं चालवतंय.”